पप्पांच्या डोक्यावरचा दुधी

२१ ऑगस्ट

अळी पान खाते तेव्हा आवाज येतो! आज ऐकला. खरंच ऐकला!

एक पितळी चकती आहे, रुपयाएवढी. वायर लावून फोनला जोडायची अन् चिमट्यानं देठाला लावायची. आत्याच्या आर्यननं जालन्याहून पाठवली. पानावर एक हिरवी अळी होती. आधी कानात नुसती शांतता. मंग – करकर करकर. थांबली. परत करकर. कोणीतरी वाळू चावून राह्यल्यासारखं. अंगावर काटाच आला! आपण रोज अंगणात बसतो, अन् बाजूला एवढं मोठं जेवण चालू असतं.

मम्मी म्हणली, "डॉक्टरकीच्या 'नीट'चा अभ्यास करून राह्यली का अळ्यांची लग्नं लावून राह्यली?"

हे मराठीतच लिहायचं ठरवलं. इंग्लिशमध्ये लिहिलं की प्रोजेक्ट रिपोर्ट वाटतो. वेलांट्या चुकतील. चुकू दे.

२२ ऑगस्ट

हे सगळं काहून चालू आहे ते एकदा लिहून टाकते.

पप्पांची शुगर. डॉक्टर म्हणले, दिवाळीपर्यंत उतरली न्हाई तर इन्सुलिन. पप्पा झेडपीच्या शाळेत मास्तर आहेत. अख्खा वर्ग एका नजरेत गप्प करतात, पण 'सुई' म्हणलं की त्यांचाच आवाज जातो. भिवाकाकाला, म्हणजे त्यांच्या मोठ्या भावाला, सुई चालू झाली अन् वर्षाच्या आत पाय कापावा लागला. डॉक्टर कितीदा म्हणले की पाय सुईमुळं न्हाई गेला, सुई घ्यायला उशीर केला म्हणून गेला. पण पप्पांच्या डोक्यात बसलंय – सुई म्हणजे शेवट. काल म्हणले, "अक्षू, कडू दे, आंबट दे, उपाशी ठेव. सुई न्हाई." हसतच म्हणले. मम्मी न्हाई हसली.

म्हणून मी शोधत होते. अन् हे सापडलं!

झाडाला पळता येत न्हाई. मंग ते काय करतं? अंगात थोडं थोडं विष बनवतं! मेथीचा कडूपणा, मुळ्याचा झणका, कांदा कापताना डोळ्यात जातं ते – सगळी हत्यारं. कोणी खाऊ नये म्हणून. अन् आपण तीच खातो अन् म्हणतो, अरे वा, किती हेल्दी, किती अँटिऑक्सिडंट! म्हणजे भाजीत जे चांगलं असतं, त्यातलं बरंचसं आपल्यासाठी बनवलेलंच न्हाई. आपल्याविरुद्ध बनवलंय.

बाहेरच्या देशात एका मोहरीच्या जातीच्या रोपाला अळीच्या चावण्याची थरथर ऐकवली. अळी न्हाई, नुसती थरथर. नंतर खरी अळी सोडली तर त्या रोपानं जास्त तिखट रसायन काढलं. वाऱ्याची थरथर ऐकवली तर काही न्हाई. त्याला कळतं, वारा कोण अन् खाणारा कोण!!

पप्पा रोज सकाळी दुधीचा ज्यूस पितात. गावातले निम्मे शुगरवाले पितात. ज्यूस मीच करते. मंग तोच दुधी जास्त ताकदीचा केला तर?

२४ ऑगस्ट

सुरू केलं!

अंगणात दोन छोटे मांडव आहेत, लोखंडी खांबांचे. दोन्हीवर दुधी, एकाच पुडीतलं बी. गेटजवळच्या वेलाचं नाव 'ए'. स्वयंपाकघराच्या दाराजवळचा 'बी'. एला सकाळ-संध्याकाळ अळीचं रेकॉर्डिंग ऐकवायचं. ती चकती उलटी जोडली की स्पीकर होते. बीला काहीच न्हाई, तो कंट्रोल, म्हणजे तुलनेपुरता.

पप्पा म्हणले, "म्हणजे एकाला ट्यूशन, अन् एक घरी बसून. आमच्या शाळेसारखंच की."

जेवायला आम्ही बीच्याच मांडवाखाली बसतो. दार जवळ, गरम भाकर पटकन येते. पप्पांची जागा ठरलेली – कोपऱ्यातला खांब, त्याला पाठ टेकून. शुगर निघाल्यापासून घास पाणी होईपर्यंत चावतात. त्यांचा जबडा वाजतो, लहानपणी बैलगाडीवरून पडले होते. प्रत्येक घासाला कट्. मम्मी चिडते, "आमचं जेवण होऊन भांडी घासून झाली, अन् तुमचं चालूच." पप्पा बोलत न्हाईत. कट्. कट्.

३० ऑगस्ट

'ए'वर काही फरक न्हाई. पानांना भोकं, दुधीला डाग, नेहमीसारखं. अन् बी? बी बघावा! एका पानाला भोक न्हाई. दुधी असे गुळगुळीत, जसे काय पुसून ठेवलेत.

पप्पांचे दोस्त सर्जेराव सर आले होते. त्यांना पण शुगर. म्हणले, "राजानंद सर, हा दुधी आहे का मॉडेल? पत्रिकेवर छापा फोटो." दोन घेऊन गेले, वेलाच्या पार टोकाकडचे.

पण उलटं कसं झालं? ट्यूशन एला, पास बी!

४ सप्टेंबर

शेजारच्या मैमूना चाचीची बकरी पुन्हा आत घुसली. ही तीच, जिनं मागच्या महिन्यात माझी केमिस्ट्रीची गाइड खाल्ली. एचं एक पान ओढून खाल्लं. मंग बीकडं गेली. थांबली. मान पुढं केली, वास घेतला, अन् मागं सरकली. तशीच मागं मागं, पाठ न दाखवता. गेटपर्यंत.

चाची भिंतीवरून बघत होती. "अगे अक्षू, क्या डाली गे तू झाड में? मेरी बकरी मूँ नई लगारई!"

"कुछ नहीं चाची, कसम से."

"फिर डरी कायकू?"

७ सप्टेंबर

दोन्ही दुधी कापून चाखले. ए – पाणचट, गोडसर. बी – कडू! जिभेच्या मागं जाऊन बसणारं कडू. पाणी प्यायलं तरी गेलं न्हाई.

सगळ्यात कडू होता तो पप्पांच्या डोक्यावर लटकतो तो.

१० सप्टेंबर

सापडलं सापडलं सापडलं!!!

जेवायच्या वेळी सहज चकती बीच्या खोडाला लावली अन् इअरफोन कानात घातला. मम्मी भाकर थापत होती, ते न्हाई ऐकू आलं. रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, ते थोडं. अन् मंग एकदम कानात – कट्. कट्. कट्.

पप्पा! पप्पांचा जबडा! ते खांबाला टेकून बसतात ना. जबड्यातून पाठीत, पाठीतून खांबात, खांबातून वेलात. रोज दोन टाइम. माझं रेकॉर्डिंग म्हणजे काहीच न्हाई त्याच्यापुढं. बी कंट्रोल नव्हताच. बी पहिल्यापासून ऐकून राह्यलाय. कोणीतरी खातंय, खातंय, खातंय – अन् पानाला तर दात लागत न्हाई. बिचारा तयारी करत बसलाय.

पप्पांना सांगितलं. म्हणले, "म्हणजे मी अळी?"

"अळी न्हाई पप्पा, तुम्ही लई मोठी अळी!"

इतके हसलो आम्ही की मम्मी बाहेर आली.

११ सप्टेंबर

मम्मीचं अन् माझं भांडण. भाजी करायच्या आधी ती देठाकडचा तुकडा चाखते, कडू निघाला की फेकते, तिची आई पण तसंच करायची. आज बीचा दुधी फेकायला निघाली. मी हातातून घेतला.

"कडू दुधी घरात शिजत न्हाई," ती म्हणली.

"शिजवायचा न्हाईच आहे. पप्पांच्या ज्यूसला आहे."

मंग मी सगळं समजावलं. डिफेन्स, कंपाउंड, अँटिऑक्सिडंट. पप्पा म्हणले, "बराबर आहे. कारलं गोड असतं का? मेथी गोड असते का? शुगरला कडूच लागतं." मम्मी म्हणली, "तू शिकलेली आहेस. तुला माहीत." अन् आत गेली.

कडूपणाचं नाव कुकरबिटासिन. जास्त झालं तर त्रास होतो असं पण लिहिलंय. म्हणून अर्धाच ग्लास देते, त्यात एचा दुधी मिसळून. लिंबू, काळं मीठ. पप्पांनी नाक धरून प्यायला. मिशीला लागलेलं पुसत म्हणले, "जालीम आहे!"

१३ सप्टेंबर

पप्पांना सांगितलंय, अजून सावकाश चावा. खांब सोडू नका.

१८ सप्टेंबर

उतरली!!! रिपोर्टमधला आकडा खाली आला! पप्पांनी कागद माझ्या डोक्यावर ठेवला अन् म्हणले, "हे घे सर्टिफिकेट." सर्जेराव सरांना फोन, आत्याला फोन, भिवाकाकाला पण फोन. भिवाकाका म्हणला, "मला पण पाठव रे दुधी. पाय तर काय उगणार न्हाई."

पप्पा चालतात पण जास्त आजकाल, भात पण सोडला. त्यानं पण उतरली असेल. पण पप्पा ऐकत न्हाईत. "दुधीच," म्हणतात.

२० सप्टेंबर

खोडाला चकती लावून ऐकायची सवयच लागली. वेल गप्प नसतो. आत बारीक टिक टिक चालू असते, पाणी वर चढताना होते म्हणतात. पाऊस पडल्यावर कमी, ऊन तापलं की जास्त. छान वाटतं. कोणाच्या तरी छातीला कान लावल्यासारखं.

वर्षावास चालू आहे, पप्पा संध्याकाळी विहारात वाचनाला जातात. आज ते गेल्ते तेव्हा मी ऐकत बसले. टिक टिक. टिक टिक. मंग अचानक बंद. एकदम. मला वाटलं वायर निघाली. वायर बराबर होती.

थोड्या वेळानं गेट वाजलं. पप्पा आल्ते.

२१ सप्टेंबर

पुन्हा बघितलं. मम्मी आली – टिक टिक चालू. मैमूना चाची डबा द्यायला आली – चालू. पप्पा गल्लीच्या वळणावर आले असतील-नसतील – बंद.

श्वास रोखून धरतं ना कोणी, तसं.

चपलेचा आवाज असेल. जमिनीतून येत असेल. पप्पा जरा पाय ओढून चालतात. हो, तसंच असेल.

२३ सप्टेंबर

वेलाचे ते दोरे असतात ना, स्प्रिंगसारखे, ज्यांनी तो धरून चढतो. बाकी तिन्ही खांबांना घट्ट गुंडाळलेत. पप्पांच्या खांबावरचे सगळे सुटलेत. तुटले न्हाईत. उलगडलेत. सरळ होऊन लोंबून राह्यलेत, अन् टोकं बाहेरच्या बाजूला वळलीत.

त्या कोपऱ्यात मुंगी पण न्हाई. पप्पांच्या ताटातून सांडलेली शितं दुपारपर्यंत तशीच. चिमण्या बाकी अंगणात फिरतात, तिथं न्हाई.

पप्पांना काही दिसत न्हाई. ते वर बघून म्हणतात, "काय माल धरलाय!"

२५ सप्टेंबर

पप्पा ट्रेनिंगला जाफराबादला गेलेत, दोन दिवस तिथंच. मी अन् मम्मीच जेवलो बीखाली. मी मुद्दाम पप्पांच्या जागी बसले, पाठ टेकून, जोरजोरात चावून. मम्मी म्हणली, "आता तू पण?"

कोपऱ्यावरचा कोवळा दुधी वेलावरच ठेवून खालून बारीक काप काढला, चाखला. गोड!

गोड झाला. आम्ही दोघी चावून राह्यलो तरी.

२७ सप्टेंबर

पप्पा काल आले. जेवले. हात धुवायला उठले तसं मी त्याच दुधीचा, त्याच जागेच्या बाजूचा, अजून एक काप काढून चाखला.

थुंकायला मोरीपर्यंत पण जाता आलं न्हाई. मी तिथंच थुंकले.

एक जेवण फक्त. इतकं पटकन कोणतंच झाड करत न्हाई. कुठंच लिहिलेलं न्हाई असं.

सर्जेराव सर पण आल्ते दुपारी. म्हणले, "त्या दोन दुधीचा हलवा केला बायकोनं, साखर टाकायची गरज न्हाई इतका गोड!" एकाच वेलाचे. मला हसता आलं न्हाई.

२८ सप्टेंबर

पप्पांची जागा बदलली. गेटजवळ, एच्या खाली. "मला इथं डास चावतात," म्हणले, तरी बसले. मी खांबाला टेकू दिलं न्हाई, मध्ये खुर्ची दिली. प्लास्टिकची.

३० सप्टेंबर

ए पण कडू.

महिना झाला मी त्याला अळी ऐकवून राह्यले, त्यानं ढुंकून बघितलं न्हाई. पप्पा दोन दिवस बसले, खांबाला पाठ न लावता.

त्याला कोणी सांगितलं? बीनं?

आता त्याच्या पानाला एक पण नवं भोक न्हाई. सुंदर दिसून राह्यलाय. मला बघवत न्हाई.

१ ऑक्टोबर

पप्पांना सांगितलं, ज्यूस बंद. सगळं सांगितलं – टिक टिक, दोरे, बकरी, गोड-कडू. पप्पा ऐकत होते, वर्गात पोरगं खोटं बोलतं तेव्हा ऐकतात तसे. मंग म्हणले, "अक्षू, वेल मला ओळखतो?"

"हो."

"अन् माझ्यावरच चिडलाय?"

"चिडला न्हाई पप्पा. घाबरलाय."

मम्मी दारात उभी होती. ती म्हणली, "पोरगी रडून राह्यली, दिसत न्हाई का? सोडा ना तो ज्यूस."

पप्पा पहिल्यांदा ओरडले. "आकडा उतरला तो कशानं उतरला? दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आली. आता सोडू? मंग सुई कोण घेणार, तुम्ही?" अन् मला म्हणले, "तूच सांगितलं होतंस. तूच म्हणली होतीस, झाड जितकं घाबरेल तितकं चांगलं."

मी असंच म्हणले होते. तसंच्या तसं.

मी मिक्सरचं भांडं लपवून ठेवलं, गव्हाच्या कोठीत.

३ ऑक्टोबर

जालन्याला. दवाखान्यात. पप्पा आत. लिहिता येत न्हाई.

४ ऑक्टोबर

पप्पा आहेत. आयसीयूत आहेत, पण आहेत.

काल सकाळी मी अंघोळीला गेल्ते. पप्पांनी मैमूना चाचीकडून मिक्सरचं भांडं मागून आणलं. बीचा तो कोपऱ्यातला दुधी तोडला, अख्खा. पूर्ण ग्लास. लिंबू न्हाई, मीठ न्हाई. मी बाहेर आले तेव्हा ते ओट्यावर बसलेले, अन् ग्लास खाली, अन् त्यांच्या तोंडावर असं – जसं काय कोणीतरी मागून हाक मारली. मंग उलटी. मंग उलटीत लाल. मम्मीनं डोकं धरलं होतं. चाची भिंतीवरून ओरडली, "याकूब! गाडी निकालो जल्दी!" याकूब चाचांच्या छोटा हत्ती टेम्पोत मागं चादर टाकून पप्पांना झोपवलं. रस्ताभर पप्पांचा हात गार. मी हाक मारत होते, ते 'हां' म्हणत होते. नंतर नंतर न्हाई म्हणले.

डॉक्टर मॅडमनी विचारलं, "दुधी कडू होता का?"

मी म्हणले, "हो."

"याच्यावर उतारा नसतो, माहीत आहे का? सलाइन लावायचं अन् वाट बघायची. कडू लागला तर थुंकायचा सोडून प्यायला कशाला?"

दुपारी पप्पांना शुद्ध आली तेव्हा मॅडमनी त्यांना पण तेच विचारलं. पप्पा म्हणले, "कडू म्हणजे औषध वाटलं."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी पलंगाच्या पायाशी उभी होते. पप्पांनी वर पंख्याकडं बघितलं. म्हणले, "सगळेच म्हणतात मॅडम."

५ ऑक्टोबर

बीपी वर आलं. उलटी न्हाई. पप्पांनी पाणी मागितलं, दोन घोट. आर्यन दोन्ही दिवस इथंच आहे, डबे आणून राह्यलाय. मला म्हणला, "खा काहीतरी, न्हाईतर तुझा पण बेड लागेल बाजूला."

मम्मी माझ्याशी एक शब्द वाईट बोलली न्हाई. त्यापेक्षा बोललेली बरी.

६ ऑक्टोबर

इन्सुलिन दिलं. पप्पांनी डोळे घट्ट मिटले होते, मम्मीचा हात धरला होता. नर्स म्हणली, "झालं काका." पप्पांनी डोळे उघडले. "झालं?" "झालं." "एवढंच?" मंग ते रडले. पोटापाशी इवलासा डाग बघत रडले. भिवाकाकाचं नाव घेतलं. मी बाहेर निघून गेले.

इतकंसं होतं. मुंगी चावल्याएवढं.

संध्याकाळी चाचीचा फोन. याकूब चाचांनी दोन्ही वेल मुळासकट उपटले. ढीग गल्लीत टाकलाय. "बकरी लांब सेच घूम के जारई," म्हणली. "लेकिन तू रो नको. अब्बा अच्छे हो जाते तेरे."

८ ऑक्टोबर

पप्पांना वॉर्डात आणलं. दाढी केली आर्यननं. सर्जेराव सर भेटून गेले.

पप्पांनी वरण-भात खाल्ला थोडा. बराबर लागला. पोळी, शिजवलेला पालक – बराबर. मी प्रत्येक घास आधी चाखून देऊन राह्यले. बाजूच्या पलंगावरची बाई मम्मीला म्हणली, "लेक बघा कशी, आईसारखी भरवून राह्यली."

डॉक्टर मॅडम म्हणल्या, उद्यापासून सॅलड चालू करा. काकडी, गाजर, टोमॅटो, भरपूर. शुगरला तेच चांगलं.

मी विचारलं, "कच्चं?"

"हो, कच्चंच. काहून?"

कॉरिडॉरमध्ये बसून फोनवर वाचून राह्यले. मला वाटायचं तोडली की भाजी मेली. तसं न्हाई. तोडलेली कोबी, गाजर, काकडी, कितीतरी दिवस जिवंत असतात. टोपलीत पण त्यांना दिवस-रात्र कळते. कापलं तर कळतं. शिजवेपर्यंत त्या जिवंतच असतात.

पण वेल तर उपटले. अन् जालन्याच्या भाजीला पप्पा कोण ते काय माहीत?

मम्मीला सांगितलं न्हाई.

९ ऑक्टोबर

गेटवरच्या गाड्यावरून एक काकडी घेतली. कुठली आहे विचारलं, "नाशिकसाइडची" म्हणला. धुतली, सोलली. देठाकडून चाखली, मधून चाखली, बुडातून चाखली. गोड. पाणीदार. मम्मीला दिली – गोड. आर्यननं मोठा तुकडा तोडला अन् म्हणला, "अजून आण."

मंग पप्पांच्या हातात दिली. त्यांनी एक घास तोडला. चावला. थांबले. माझ्याकडं बघितलं, अन् हळूच हसले, अन् गिळला.

मी त्यांच्या हातातून उरलेली घेतली. दात लागले होते त्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून चाखली.

कडूजहर.